घोड्यावाचून रथ

तापी नदीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात सारंगखेडा नावाचे गाव आहे. दरवर्षी दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विक्रीस येतात. जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहतो, खूर तपासतो, त्याला फिरवून त्याची चाल पारखतो. मगच सौदा ठरतो. हजारो वर्षे माणसाला वेग दिला तो या प्राण्याने. म्हणून यंत्राचे बळ मोजण्याची वेळ आली, तेव्हा माणसाने मापही घोड्याचेच घेतले. मोटारीच्या इंजिनाचे बळ आजही ‘अश्वशक्ती’त सांगतात.

घोड्यावाचून धावणारी पेट्रोलची गाडी ज्याने प्रथम व्यवहारात आणली, त्याचे नाव कार्ल बेंझ. त्याचा जन्म १८४४ साली जर्मनीत झाला. त्याचे वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. कार्ल अवघा दोन वर्षांचा असताना ते वारले. आईने हालअपेष्टा सोसल्या. पण मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. मोठेपणी कार्लने मानहाइम शहरात एक छोटा कारखाना काढला. लवकरच भागीदाराशी बेबनाव होऊन कारखाना बुडण्याची वेळ आली. तेव्हा त्याची वाग्दत्त वधू बेर्टा हिने लग्नात मिळावयाचे पैसे वडिलांकडून आधीच मागून घेतले आणि कारखाना वाचविला.

पुढे अनेक वर्षे खपून बेंझने तीन चाकांची एक गाडी बनविली. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्या इंजिनाचे बळ एका घोड्याइतकेही नव्हते. ताशी सुमारे सोळा किलोमीटर एवढाच तिचा वेग होता. गाडी चालत होती, परंतु तिला गिऱ्हाईक मिळेना. या आवाज करणाऱ्या यंत्रावर भरवसा कोण ठेवणार? खुद्द बेंझही तिला फार दूर नेण्यास धजत नव्हता.

हा भरवसा लोकांच्या मनात उत्पन्न केला तो बेर्टाने. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यातील एका पहाटे, पतीला न सांगता, तिने गाडी बाहेर काढली. बरोबर दोन मुलगे होते. ऑयगन पंधरा वर्षांचा आणि रिखार्ड तेरा वर्षांचा. जावयाचे होते फोर्झहाइम गावी, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर दूर. ते बेर्टाचे माहेर. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा माहेरच्या वाटेवर झाला!

वाटेत संकटांना तोटा नव्हता. त्या काळी पेट्रोल विकणारी दुकाने नव्हती. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानात कपड्यांचे डाग काढण्यासाठी ठेवलेला द्रव तिने विकत घेतला आणि तोच गाडीत ओतला. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीला लावावयाच्या लांब टाचणीने ती साफ केली. चढणीवर गाडीचा दम सुटे. मग मुले खाली उतरून तिला ढकलीत. उतारावर ब्रेक झिजू लागले, तेव्हा बेर्टाने एका चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. दिवस मावळता मावळता तिघेही मुक्कामी पोहोचली आणि तिने पतीला तारेने खुशाली कळविली.

काही दिवसांनी बेर्टा गाडी चालवीत परतली. आल्यावर तिने गाडीतील उणिवा पतीला सांगितल्या. चढणीसाठी आणखी एक गिअर हवा, असे तिने सुचविले आणि बेंझने तो बसविला. त्या प्रवासाने गाडीची कीर्ती झाली. तिच्यातील दोषही कळले. दोष झाकले असते, तर गाडी सुधारली नसती.

त्याच काळात श्टुटगार्टजवळ गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे अशाच उद्योगात गढले होते. १९०० च्या सुमारास त्यांच्या कारखान्याच्या मोटारींना, एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीवरून, ‘मर्सिडीज’ हे नाव मिळाले. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत, अशा आकांक्षेने तीन टोकांचा तारा हे चिन्ह घेण्यात आले. १९२६ साली डाइम्लर व बेंझ यांचे कारखाने एक झाले आणि ‘मर्सिडीज-बेंझ’ हे नाव जगभर पसरले. या इतिहासात एक काळे पानही आहे. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीच्या कारखान्यांत युद्धकैद्यांना आणि छळछावण्यांतील बंदिवानांना सक्तीने राबविण्यात आले. पुढे कंपनीने ही गोष्ट उघडपणे मान्य केली.

भारताशी या ताऱ्याचे नाते १९५४ साली जुळले. टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या वेळी टेल्कोची धुरा मुंबईत जन्मलेले अभियंते सुमंत मुळगावकर वाहत होते. परक्यांचे ज्ञान घ्यावे, परंतु ते आत्मसात करून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा कटाक्ष होता. १९६९ साली करार संपला. मालमोटारींवरचा तारा गेला; पण मालमोटारी बनत राहिल्या. पुढे १९९५ साली मर्सिडीज मोटारींची जुळणी पुण्यात सुरू झाली आणि २००९ साली पुण्याजवळ चाकण येथे त्यांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला.

मोटारी वाढल्या तसा धूरही वाढला. शहरांची हवा कोंदली आणि पृथ्वीचे तापमान वाढू लागले. तेव्हा जगाचे लक्ष विजेकडे वळले. ही युक्ती मात्र नवी नव्हे. १८९९ साली कामिय जेनात्झी याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला तो विजेच्या मोटारीतच! परंतु त्या वेळच्या बॅटऱ्या जड होत्या आणि त्यांत वीज थोडी मावे. पेट्रोल स्वस्त झाले आणि विजेची मोटार मागे पडली. हलक्या आणि अधिक वीज साठविणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या आल्यावर तिचे दिवस पालटले.

विजेच्या मोटारीत इंजिन नसते. बॅटरीतील वीज मोटरला मिळते आणि मोटर चाके फिरविते. तोरणमाळसारखा घाट उतरताना याच्या उलट घडते. चाके मोटरला फिरवितात, वीज उत्पन्न होऊन बॅटरीत परत जाते आणि गाडीचा वेगही आवरला जातो. ज्या उतारावर बेर्टाच्या गाडीचे ब्रेक झिजले, तो उतार आजच्या गाडीला काही देऊन जातो.

चाकणच्या कारखान्यात जुळणी केलेली मर्सिडीजची पहिली विजेची मोटार ३० सप्टेंबर २०२२ रोजी विक्रीस आली. एकदा बॅटरी भरली की ती ८५७ किलोमीटर जाते, असे चाचणीत आढळले. नंदुरबारहून पुण्यास जाऊन परत यावे, जवळजवळ इतके हे अंतर झाले. प्रत्यक्ष रस्त्यावर ते कमी भरते. शिवाय तिची किंमत दीड कोटी रुपयांहून अधिक होती. ती सामान्यांच्या आवाक्यातील नव्हती. सामान्य माणसाच्या दारी वीज आली ती दुचाकी आणि रिक्षा यांच्या रूपाने.

तथापि, हे स्थित्यंतर सोपे नाही. ज्या इंजिनाच्या बळावर एखादा कारखाना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभा राहिला, तेच इंजिन बाजूला ठेवणे म्हणजे घराचा जुना खांब काढण्यासारखे आहे. इंजिनाचे भाग घडविण्यात ज्यांची हयात गेली, त्या कामगारांनी आता काय करावे? २०२१ साली मर्सिडीजने जाहीर केले की, जेथे परिस्थिती अनुकूल असेल तेथे २०३० पर्यंत केवळ विजेच्या मोटारी विकण्याची तयारी करू. परंतु गिऱ्हाइकांची मागणी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. तेव्हा २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने आपला शब्द मवाळ केला आणि इंजिनाच्या मोटारीही पुढील काही वर्षे बनवीत राहू, असे सांगितले.

आणखीही एक प्रश्न उरतो. गाडीतून धूर निघाला नाही, तरी तिची वीज कोठून येते? महाराष्ट्रातील बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच निर्माण होते. म्हणजे धूर रस्त्यावरून हटला, तरी नाहीसा झाला नाही. नंदुरबारच्या शेजारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगर येथे उन्हापासून वीज निर्माण करतात. अशी वीज जसजशी वाढेल, तसतशी विजेची मोटार खऱ्या अर्थाने निर्मळ होईल.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडे आजही येतात. पण दूरच्या गावांहून ते मालमोटारीत उभे राहून येतात! ज्याने माणसाला शतकानुशतके वाहून नेले, त्याला आता यंत्र वाहून नेते. उद्या त्या मालमोटारीतील इंजिनाची जागा कदाचित वीज घेईल. माणसाला दूर जाण्याची ओढ आहे तोवर गाडी राहीलच. तिला ओढणारे बळ मात्र बदलत जाईल. नवे बळ शोधावे, बेर्टाप्रमाणे ते चढउतारांवर पारखावे आणि त्यातील उणीव दिसली तर ती निःसंकोचपणे सांगावी, हाच प्रगतीचा मार्ग होय.

स्वाध्याय

१. बेर्टाच्या प्रवासात कोणकोणती संकटे आली? ती तिने कशी दूर केली?
२. विजेची मोटार प्रथम मागे का पडली? पुन्हा पुढे का आली?
३. ‘धूर रस्त्यावरून हटला, तरी नाहीसा झाला नाही,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : धजणे, बेबनाव होणे, धुरा वाहणे, आत्मसात करणे.
५. आपल्या गावात पूर्वी कोणती वाहने होती व आज कोणती आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.