ऐकलं नाही तरी चालेल असं संगीत

जळकोटात, नांदेड-बिदर रस्त्याला लागून माझी अभ्यासिका आहे. पोलीस भरतीपासून नीटपर्यंत सगळ्या परीक्षांची पोरं-पोरी इथं बसतात. खाली वेल्डिंगचं दुकान, समोर रसवंतीचं घुंगरू, सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टरांची रांग आणि लग्नसराईत डीजे. अशा जागी शांतता भाड्यानं द्यायची म्हणजे आवाजाशी रोजचीच गाठ. त्या खटपटीत ॲम्बियंट नावाच्या संगीताची ओळख झाली. घरात भजनाची परंपरा असल्यामुळं ती टिकली. इतक्या वर्षांत जे कळलं ते इथं मांडतो.

१. यात 'गाणं' कधी सुरूच होत नाही.

भरतीची तयारी करणारा एक पोरगा बराच वेळ स्पीकरकडं बघत बसला आणि म्हणाला, "सर, म्युझिक लई झालं, आता गाणं कवा लागंल?" या प्रकाराबद्दल इतका नेमका प्रश्न मी कुठं वाचलेला नाही. आपल्या कानाला वाट बघायची सवय आहे. सिनेमाच्या गाण्यात मुखड्याची, ख्यालात समेची, लावणीत ढोलकीच्या तोड्याची, भजनात टाळ द्रुत लयीला जाण्याची. पुढं काहीतरी येणार आहे, या आशेवरच बहुतेक संगीत आपल्याला धरून ठेवतं. ॲम्बियंटमध्ये ती आशाच काढून टाकलेली असते. ठेका नाही, सम नाही, कळस नाही. एक सूर येतो, रेंगाळतो, जातो. दुसरा कधी येईल ते सांगता येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे बिनकामाचं वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

२. आपल्याकडं हे आधीपासून आहे. फक्त त्याला आपण संगीत म्हणत नाही.

आमच्या भागात सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. वारकऱ्यांचा अखंड हरिनाम सप्ताह असतो, लिंगायत समाजाचा शिवनाम सप्ताह असतो, त्यात मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाचं पारायण असतं. हरिनाम सप्ताहाचा दिवस पहाटेच्या काकड्यानं उघडतो. मग पारायण, गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढं जागर. पत्रिकेवर महाराजांची नावं मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. या सगळ्याच्या तळाशी जे चालू असतं त्याचा मात्र छोटा कागद देवळाच्या भिंतीला चिकटवलेला असतो: विणेचा पहारा.

वीणा एकदा उभी राहिली की काल्याच्या कीर्तनापर्यंत खाली ठेवायची नाही. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, तार थांबत नाही. तिच्यावर चाल वाजवायची नसते. तारा छेडत राहायच्या, नाम घेत राहायचं, बस.

रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला मी उभा राहिलेलो आहे. मंडपात कुणी नसतं. सतरंजीवर भजनी मंडळ आडवं झालेलं, आचारी मागच्या बाजूला चुलवणात लाकडं सारतोय, एखादं कुत्रं येऊन खांबाला अंग घासून जातं. ऐकणारा एकही नाही. आणि तरी हात थांबला तर झोपलेली माणसं उठून बसतात! "काय झालं?" म्हणतात. लक्ष न देता ऐकणं म्हणजे काय, ते मला तिथं समजलं. ॲम्बियंट संगीताची सगळी कल्पना याच्यावर उभी आहे: लक्ष दिलं तर मिळतं, नाही दिलं तर तक्रार नाही, पण ते नसेल तर जागा बदलते.

आमच्या मंडळातले एक मामा अभ्यासिकेत आले होते. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "ह्यात देव नाही, पण पहारा हाय." विणेकऱ्याच्या तोंडी नाम असतं, इथं काहीच नसतं. हा फरक लहान नाही, आणि मामांनी तो एका वाक्यात धरला.

३. संथ म्हणजे ॲम्बियंट नव्हे.

हा घोळ फार जणांचा होतो. गझल संथ असते, पण शेराच्या दुसऱ्या ओळीसाठी जीव टांगणीला लावते. विलंबित ख्याल तर त्याहून संथ; पण त्याच्या बढतीत प्रत्येक सूर मागच्याला उत्तर देतो, मध्येच उठून चहाला गेलात तर तुमचं काहीतरी हुकतं. त्या ख्यालाच्या मागं जो तानपुरा चालू असतो, तो मात्र या संगीताचा सख्खा नातलग.

मिरजेच्या सतारमेकर मंडळींकडं तानपुऱ्याची जवारी लावताना बघावं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा तुंबा, त्यावर घोडी, आणि घोडीवर तारेखाली सरकवलेला साधा दोरा. तो दोरा केसभर पुढं-मागं केला की बोदी वाटणारी तार एकदम बोलायला लागते. तार घोडीच्या किंचित गोलाव्याला घासत कंप पावते, म्हणून एका सुरातून वरचे अनेक सूर फुटतात. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, तो कुठल्याच तारेला लावलेला नसताना. म्हणजे फार काही घडत नसतानाही आत बरंच चाललेलं असतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते उशिराच मिळालं असं माझं मत.

तानपुऱ्याच्या या गोष्टीची एक बाजू परदेशातही आहे. १९५५ साली सरोदवादक अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. तबल्यावर चतुर लाल, तानपुऱ्यावर शिरीष गोर. ती ऐकणाऱ्या ला मॉन्टे यंग या तरुण संगीतकाराला सरोदाइतकीच भुरळ मागच्या तानपुऱ्यानं घातली. लांबच लांब धरलेल्या सुरांचं संगीत त्याचं आयुष्यभराचं काम झालं. पुढं १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले, तेव्हा यंग आणि संगीतकार टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. ॲम्बियंटला नाव देणारा संगीतकार ब्रायन ईनो हा यंगला मानणारा. आपल्याकडं तानपुऱ्यावर बसलेल्याचं नाव कार्यक्रमाच्या पत्रिकेत शेवटी येतं, बऱ्याचदा येतच नाही.

४. कारागिरी लपलेली असते, नसते असं नाही.

१९७५ मध्ये ईनोला टॅक्सीनं धडक दिली आणि तो अंथरुणाला खिळला. मैत्रिणीनं हार्प वाद्याची तबकडी लावून दिली, आवाज फार बारीक होता, एक स्पीकर बंद होता, उठून वाढवायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. त्या पावसात मिसळून गेलेलं संगीत ऐकताना आपल्याला ही वाट दिसली, असं तो सांगतो. १९७८ साली त्यानं 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' केलं.

त्यातल्या एका तुकड्यात फक्त माणसांचे आवाज आहेत, एकेक सूर धरलेले. प्रत्येक सूर टेपच्या स्वतंत्र वेटोळ्यावर. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळपास तीस. या लांब्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही, त्यामुळं सूर तेच राहतात आणि त्यांची गाठभेट प्रत्येक वेळी वेगळी होते. एकदा यंत्र सुरू केलं की संगीतकार बाजूला. ईनोला राग होता तो दुकानांत आणि लिफ्टमध्ये वाजणाऱ्या गुळगुळीत संगीतावर. ते गिऱ्हाइकाला खूश ठेवायला, कामगाराचा वेग वाढवायला रचलेलं असायचं. मॉलमधलं संगीत तुमच्याकडून काहीतरी मागतं. हे मागत नाही.

५. शब्द आले की संपलं.

अभ्यासिकेत हा नियम मी कडक ठेवलाय. कळणाऱ्या भाषेतला शब्द कानावर पडला की वाचत असलेल्या ओळीत तो घुसतो, तुम्ही लक्ष द्या की देऊ नका. अभंग कितीही सात्त्विक असला तरी राज्यघटनेची कलमं पाठ करताना तो नको.

६. आवाज पंख्याइतका.

एकच लहान स्पीकर, कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. इअरफोनवर हे संगीत अर्धं मरतं, कारण ते खोलीतल्या आवाजांत मिसळण्यासाठी केलेलं आहे. वेल्डिंगची चरचर आणि रसवंतीचं घुंगरू त्यात विरघळलं पाहिजे. पण त्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची कायद्यानं ठरलेली मर्यादा. पण वरात रस्त्यानं निघाली की खिडकीच्या काचा थरथरतात, तिथं कुठलाही सूर टिकत नाही. तेव्हा मी सरळ बंद करतो आणि पोरांना चहाला सोडतो. आवाजावर आवाज चढवायचा नाही.

७. लो-फाय हा दुसरा प्रकार.

पोरांच्या मोबाइलवर तोच जास्त. त्यात ठेका असतो, जुन्या गाण्याचा तुकडा फिरत असतो. टायपिंगला, गणितं सोडवायला बरा. वाचायला नाही.

८. औषध म्हणून विकणाऱ्यापासून लांब राहा.

'४३२ हर्ट्झ, स्मरणशक्ती दुप्पट', 'रात्रभर ऐका, रोग पळवा' असले व्हिडिओ पोरांचे आई-वडील मला पाठवतात. या दाव्यांना आधार नाही. सूर लावायचा नेहमीचा ४४० हर्ट्झ हा आकडासुद्धा वाद्यं जुळावीत म्हणून विसाव्या शतकात सोयीनं ठरवलेला. त्यात निसर्गाचं गुपित नाही, तसं ४३२ मध्येही नाही. आपल्याकडं तर षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणं लागतो. काळी दोनला गाणारा आणि पांढरी चारला गाणारा, दोघांचा विठ्ठल एकच. संगीतानं गुण वाढत नाहीत. खुर्चीवर थोडं जास्त वेळ बसवतं, एवढंच मी छातीठोकपणे सांगीन.

९. काहींना ते सोसत नाही.

एका मुलीनं सांगितलं, "सर, हे लागलं की आता काहीतरी वाईट होणार असं वाटतंय." सिनेमातल्या भुताच्या प्रसंगामागं असेच लांब सूर असतात, तिचं बरोबर होतं. तिच्यासाठी आतली खोली बिनसंगीताची केली. आता ती खोलीच आधी भरते. शांतता हवी असणाऱ्याला शांतताच द्यावी, तिची नक्कल नको.

१०. सुरुवात कशी करावी.

'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'चा पहिला तुकडा सतरा मिनिटांचा आहे, पियानोचे मोजके सूर. तो लावा आणि ज्वारी निवडायला बसा, किंवा हिशोबाची वही काढा. डोळे मिटून ऐकायला बसू नका, कंटाळाल. तो आवडला तर हिरोशी योशिमुरांचं १९८२ चं 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स' ऐका. टोकियोतल्या हारा कलासंग्रहालयात ते वाजत असे. मोबाइलवरच्या तानपुऱ्याचं ॲप गाणं न येणाऱ्यानंही लावून बघावं.

आणि गावात सप्ताह असेल तर कीर्तनाला तर जाच, पण भिंतीवरचा पहाऱ्याचा कागदही वाचा. रात्री दोन ते चारला नावं नेहमी कमी पडतात. आपलं द्या.