भिंतीवर नाव नको, कागदावर अर्ज लिहू

रायगड, शिवनेरी, लोहगड, प्रतापगड ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. अशा गडांच्या पायथ्याशी आपली गावे आहेत. 2025 साली महाराष्ट्रातील 11 आणि तमिळनाडूतील जिंजी, असे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत नोंदले गेले. म्हणजे साऱ्या जगाने त्यांचे मोल मानले.

पण गडावर जाऊन पाहा. कोणी दगडावर खिळ्याने नाव कोरतो. कोणी रंगाने बदाम काढतो. अंगावरची जखम भरून येते. दगडावरची येत नाही.

“आपल्याला काय त्याचे? सरकार बघून घेईल,” असे आपण म्हणतो. पण सरकारला सांगणार कोण? गडाच्या वाटेने रोज गुरे नेणाऱ्याला जे दिसते, ते कचेरीतल्या साहेबाला दिसत नाही.

मग आपण काय करावे?

कोणी नासधूस करताना दिसला, तर मारामारी करू नये. 112 नंबरवर फोन करून पोलिसांना कळवावे. नासधूस आधीच झाली असेल, तर अर्ज लिहावा. रंग आपण घासून काढू नये. तारेच्या ब्रशाने दगड आणखी झिजतो. ते काम जाणत्या माणसांचे आहे.

अर्ज असा लिहावा:

“मा. सरपंच यांस,
गडाच्या दुसऱ्या दरवाजाच्या डाव्या भिंतीवर कोणी लाल रंगाने नावे लिहिली आहेत. आज सोमवारी सकाळी आम्ही ती पाहिली. तरी पाहणी करून पुरातत्त्व खात्यास कळवावे, ही विनंती.”

खाली तारीख घालावी, सही करावी. एक नक्कल पोलीस ठाण्यात द्यावी. आपल्या नकलेवर शिक्का घ्यावा. हिलाच पोच म्हणतात. ती जपून ठेवावी.

जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. संशयावरून कोणाचे नाव घालू नये. बांधावरचे भांडण अर्जात आणू नये.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूची नासधूस केली, तर 1958 च्या कायद्याप्रमाणे 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अक्षरे तीच असतात. भिंतीवर कोरली तर गुन्हा होतो. अर्जात लिहिली तर गड राखला जातो. आपण अक्षरे शिकलो, ती अशा कामाला लावू या.

वहीत लिहा: आपल्या गावाजवळच्या एका जुन्या वास्तूसाठी असाच अर्ज लिहा.