जुनं नाणं सापडलं तर आधी घासू नका

आपल्या आसगावचा तालुका पवनी. वैनगंगेकाठच्या या गावात १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूप असल्याचं उघड झालं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे नांदती वस्ती होती. जिथे वस्ती तिथे व्यवहार, आणि जिथे व्यवहार तिथे नाणी. त्यामुळे बांधीत चिखलणी करताना, विहीर खोदताना किंवा जुनं घर पाडताना एखादं हिरवट, वेडंवाकडं नाणं हाती लागू शकतं.

मग आपण काय करतो? चिंच लावून, राखेने घासून चकचकीत करतो. इथेच खरं नुकसान होतं. तांब्यावर चढलेला तो हिरवा-काळा थर नाण्याला एका परीने जपत असतो. तो खरवडला की त्यासोबत आधीच झिजलेली अक्षरंही जातात. उरतो तो नुसता धातूचा तुकडा!

दुसरं नुकसान दिसत नाही, पण ते मोठं आहे. दहा नाणी सापडली आणि दहा जणांनी वाटून घेतली, तर ती एकत्र होती हा पुरावाच संपतो. तो किती मोलाचा असतो, हे एका उदाहरणाने समजून घेऊ.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यावर त्याचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांत त्याचं नाव. पण यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा स्वतःचा ठसा मारलेला होता. विचार करा, दुसऱ्या राजाच्या चलनावर आपला छाप कोण मारेल? ज्याने त्याला हरवलं तोच. गौतमीपुत्राने क्षहरातांचा नाश केला असं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतोच. पण लेख राजाच्या आईचा, त्यात कौतुक असणारच. या नाण्यांनी साक्ष दिली आणि विषय पक्का झाला. हाच साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर? वजनाने पैसे मिळाले असते, बस्स.

विदर्भातलं उदाहरणही आहे. १९३९ मध्ये तऱ्हाळा येथे (तेव्हाचा अकोला, आताचा वाशीम जिल्हा) सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी मिळाली. एका बाजूला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावं पुढे आली. राजे होऊन गेले, पण त्यांची नावं मातीतच पडून होती.

म्हणून जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. 'सरकार घेऊन जाईल' या भीतीने लोक लपवतात. पण त्याच कायद्यात शोधणाऱ्याच्या वाट्याचीही तरतूद आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मग छंद जोपासायचाच नाही का? जरूर जोपासा! सुरुवात आजीच्या पेटीपासून करा. आणे, ढब्बू पैसा, १९५७ पासूनचे 'नये पैसे' (यातला 'नये' शब्द १९६४ मध्ये गेला) असं काही ना काही निघेलच. खिशातलं नाणंही बघा. सालाखाली छोटी चौकट दिसली तर ते मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट करा. त्यावर कुठे मिळालं, कोणाकडून, कोणत्या तारखेला आणि सोबत आणखी काय होतं ते लिहा. वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या. नाणं कडेने धरा, बोटांचा घाम लागू देऊ नका.

आणि हो, २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा संग्रहात असतील तर मोजून ठेवा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा नोटा एकूण दहापर्यंत आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंतच ठेवता येतात.