आज्ञा पाळणारे यंत्र : इयत्ता पाचवीसाठी एक पाठ

ठाण्याची वागळे इस्टेट कारखान्यांची वसाहत म्हणून शिक्षकांना परिचित आहे. याच वसाहतीत कार्यालय असलेल्या नेक्स रोबोटिक्स या कंपनीने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रयोगशाळेच्या सहकार्याने ‘फायर बर्ड ५’ हा चाकांवर चालणारा छोटा यंत्रमानव तयार केला. संस्थेच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमामार्फत तो अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचला. त्याचा व्यास १६ सें. मी., वजन सुमारे एक किलो. जमिनीवरील पांढरी रेघ ओळखणारे तीन संवेदक त्याच्या पोटाशी आहेत. हे खेळणे प्राथमिक शाळेसाठी नव्हे. परंतु त्यामागील तत्त्व पाचवीच्या मुलास सहज कळण्यासारखे आहे.

मोबाइलवरून चालणारी यांत्रिक खेळणी आता सर्वत्र विकत मिळतात. २०११ मध्ये अमेरिकेत निघालेला ‘स्फेरो’ हा चेंडू त्यांपैकीच. अशा खेळण्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. बटण दाबावे आणि गाडी धावावी, हा पहिला. त्यात मूल केवळ सारथी असते. आज्ञांची मालिका आधी रचावी, मग यंत्र सोडावे व काय होते ते पाहावे, हा दुसरा. शिक्षणाच्या दृष्टीने दुसराच मोलाचा होय. शाळेच्या अल्प निधीतून खेळणे घेण्यापूर्वी त्यात आज्ञा रचण्याची सोय आहे किंवा नाही, हे शिक्षकांनी अवश्य पाहावे. नुसती धावणारी गाडी चार दिवसांत कपाटात जाते.

ही कल्पना जुनी आहे. सीमोर पॅपर्ट, वॉली फ्यूर्झिग व सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही आज्ञाभाषा सिद्ध केली. पुढे तिच्या आज्ञांनी जमिनीवर रेघ काढीत फिरणारे यांत्रिक कासव चालू लागले.

यंत्र नसले तरी पाठ अडत नाही. पटांगणात खडूने चौकटी आखाव्यात. एका विद्यार्थ्यास यंत्र करावे. इतरांनी पाटीवर आज्ञा लिहाव्यात : ‘पुढे ३ पावले, उजवीकडे ९० अंश’. ही जोडी चार वेळा केली की चौरस पुरा होतो. यंत्र झालेल्या मुलाने स्वतःची अक्कल मुळीच चालवू नये, हा नियम कसोशीने पाळावा. नुसते ‘वळ’ लिहिल्यास त्याने गरगर फिरतच राहावे. किती वळायचे ते कोणी सांगितलेलेच नाही! वर्गात हशा होईल, तो होऊ द्यावा. आज्ञा लिहिणाऱ्या मुलास मात्र ‘चुकलास’ असे म्हणू नये. कोणत्या ओळीपाशी यंत्र भलतीकडे गेले, ते त्यालाच शोधू द्यावे.

यानंतर समभुज त्रिकोण द्यावा. आतील कोन ६० अंशांचा, म्हणून बहुतेक मुले ‘६० अंश वळ’ असे लिहितील आणि आकृती मिटणार नाही. सरळ जाणाऱ्यास वळावे लागते ते १२० अंशांत. फळ्यावर सांगून जे पटत नाही, ते येथे पायांना कळते.

शेवटी हिशेब. ‘फायर बर्ड’च्या चाकाचा परीघ सुमारे १६ सें. मी. असून एका फेऱ्यात त्याचा मापक ३० ठोके मोजतो. म्हणजे एक मीटर जाण्यास सव्वासहा फेरे व सुमारे १८७ ठोके लागतात. हाच प्रयोग सायकलवर करता येतो. चाकाच्या एका आरीस चिंधी बांधावी, परीघ दोरीने मोजावा, आणि शाळेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत चिंधी किती वेळा वर येते ते मुलांनी मोजून अंतर काढावे. मग दोरीनेच ते पडताळावे.