पेटीचं झाकण घट्ट, तरी पाणी आत कसं? (विहिरीवरच्या स्टार्टर पेटीवर एक पाठ)



सिल्लोड तालुक्यात मिरची, कपाशी, मका करणाऱ्या घरांत विहिरीवर मोटार असते. जवळच लाकडी खांबाला नाहीतर लोखंडी अँगलला स्टार्टरची पेटी ठोकलेली असते. "लाइट आली, जा, मोटार चालू करून ये," असं आपल्याकडे आठवी-नववीच्या पोराला सर्रास सांगतात. पोरगं अनवाणी, जमीन ओली, पेटी लोखंडाची. म्हणून दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ मी त्या पेटीपासून सुरू करतो.

वर्गात एकानं विचारलं, "सर, पेटीचं झाकण एकदम फिट आहे. तरी पावसाळ्यात आत पाणी निघतं. येतं कुठून?"

झाकणाला रबराची पट्टी असते, त्यामुळे तिथून फारसं येत नाही. पाणी येतं पाइप आणि केबल आत घ्यायला आपण पाडलेल्या भोकांतून. चांगल्या पेटीवर 'आयपी 55' असा आकडा असतो. पहिला 5 धुळीचा: नुकसान होईल इतकी धूळ आत जाणार नाही. दुसरा 5 पाण्याचा: 6.3 मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा कोणत्याही बाजूनं मारला, तरी आत बिघाड होईल असं पाणी जाणार नाही. पण ही परीक्षा कारखान्यातल्या पेटीची. शेतात आणून खिळ्यानं ठोकून वरच्या बाजूला भोक पाडलं, की तो आकडा फक्त स्टिकरवर उरतो.

भोक वर असेल तर केबलवरून ओघळणारं पाणी सरळ आत उतरतं, हे मुलांना लगेच समजतं. बाजूच्या भोकाचंही तसंच. म्हणून पाइप खालून आत घ्यायचा आणि केबलला पेटीच्या खाली झोळ द्यायचा. ओघळ झोळाच्या तळाशी येऊन टपकतो, वर चढत नाही.

आता खरी गंमत. पेटी उन्हात असते. समजा आतली हवा 57 अंश तापली आणि दुपारच्या वळवाच्या सरीनं ती 27 अंशांवर आली. केल्विनमध्ये हे 330 वरून 300. म्हणजे 22 लिटर हवा आकसून 20 लिटर होते. उरलेल्या दोन लिटरची जागा भरायला बाहेरची हवा आत शिरते आणि फटीवर पाणी साचलेलं असेल तर आधी पाणीच ओढलं जातं. पेटी श्वास घेते म्हणा ना! मुलांना हे दाखवायला वीज लागत नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला टाचणीनं भोक पाडा, बाटली उन्हात तापवा, भोकावर पाण्याचा थेंब ठेवा आणि बाटलीच्या अंगावर गार पाणी ओता. थेंब आत जाताना दिसतो.

उन्हाचा परिणाम पाइपावरही होतो. तीन मीटरचा पीव्हीसी पाइप 30 अंशांच्या फरकानं सुमारे 6 मिलिमीटर लांब-आखूड होतो. नुसता भोकात खुपसून एम-सील लावलेला सांधा अशा ओढाताणीत वर्षभरात सुटतो. नीट जोड असा असतो: बाहेर अडॅप्टरचा खांदा, खांदा आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वॉशर, आतून चेकनट. भोकाची धार आधी कानशीनं घासून रंग लावायचा. धार राहिली तर केबलचं आवरण कापतं, रंग नसेल तर गंज वॉशरखाली शिरतो.

पाणबुडी मोटारीची केबल चपटी असते, ग्लँडचं रबर मात्र गोल. कितीही आवळा, दोन्ही कडांना फट राहतेच. चपट्या भोकाचं रबर मागून घ्यावं लागतं. त्याच फटीतून मुंग्या, पाली, गांधीलमाश्याही आत येतात. जमिनीतून पाइप वर येत असेल तर त्याचं पेटीतलं तोंडही बुजवावं, नाहीतर मातीतली दमट हवा चढते आणि रात्री झाकणाला आतून घाम येतो.

आता धोक्याचं गणित. ओल्या पेटीत एक फेज पत्र्याला लागली. अर्थिंगच्या सळईचा रोध समजा 50 ओहम. 230 भागिले 50, म्हणजे 4.6 अँपिअर. पाच एचपीची मोटार चालताना साधारण सात-आठ अँपिअर घेतेच, म्हणून फ्यूज त्याहून मोठा असतो. तो उडणार नाही! पत्रा जिवंत राहतो आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात किंवा त्याहून वाईट होतं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो अशा वेळी पडतो. फ्यूजवर विसंबू नका, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो.

पेटीवर खताची गोणी बांधतात तेही तपासा. वरून पाऊस अडतो खरा, पण गोणी खालपर्यंत आवळली तर ओल आतच कोंडते. तळाचं पाणी निघायचं भोक काही जण सिलिकॉननं बुजवतात, ते मोकळंच हवं.

मुलांना गृहपाठ मी एवढाच देतो: पेटीला हात न लावता, चार पावलांवरून बघायचं. पाइप वरून शिरतो की खालून? केबलला झोळ आहे का? कुठं रिकामं भोक आहे का? चित्र काढून आणायचं. पेटी उघडायची नाही, ते काम मुख्य पुरवठा बंद करून वायरमनचं. चित्र पालकांनी बघावं आणि दुरुस्ती मे महिन्यातच उरकावी, कारण जूनमध्ये वायरमन लवकर सापडत नाही. झिणझिण्या येतात असं पोरानं सांगितलं तर त्या दिवसापासून मोटार चालू करायला त्याला पाठवू नका, पेटी दुरुस्त होईपर्यंत स्वतःही हात लावू नका.