संगणक सुरू होत नसेल तर

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील एका शाळेत संगणक ‘बिघडला’ म्हणून वर्षभर फडक्याखाली झाकून ठेविलेला आढळला. दोष एवढाच निघाला, की रंगसफेदीच्या वेळी पेटीमागील खटका कोणाच्या तरी हातून बंद झाला होता. दरम्यान चौथीची मुले त्यास स्पर्शही न करता शाळा सोडून गेली. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

प्रथम भिंतीवरील बोर्डात वीज आहे काय, हे मोबाईलचा चार्जर लावून पाहावे. यूपीएसविषयी शंका असल्यास केबल थेट बोर्डास जोडावी. पडद्याची केबल पुष्कळदा तशीच असते. ती पेटीस लावून पाहावी. नंतर मागील खटका तपासावा.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तर वीज पोहोचत आहे असे समजावे. पडद्याच्या तारा घट्ट बसवाव्यात. तरीही न साधल्यास केबल काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी कड खोडरबराने हळुवार पुसावी व पट्टी पुन्हा बसवावी.

पंखाही हलत नसेल, तर एसएमपीएस निकामी असण्याचा संभव असतो. ती पेटी कदापि उघडू नये; वीज तोडल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युत्‌भार उरू शकतो. ते काम जाणकाराचे होय. काय काय तपासले, ते त्यास लिहून द्यावे.

ही तपासणी मुलांना दूर बसवून, पण त्यांच्या देखत व कारणे सांगत करावी. एकेक शक्यता वगळत मूळ दोषापर्यंत पोहोचणे, हा विज्ञानाचाच पाठ होय.