उरकू नकोस

सातपूर, नाशिक

चि. सोनू,

तुझ्या आईकडून कळलं, तुम्ही चौघी मैत्रिणी लंडनला निघालात आणि शेवटच्या दिवशी, विमानाआधीच्या दोन तासांत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ‘उरकायचं’ ठरलंय. तो शब्द मनाला लागला, म्हणून लिहायला बसलो.

मी अजिंठा असाच उरकला होता. कंपनीची सहल, साडेतीनला बस सुटायची. एक नंबरच्या लेण्यात आमचा घोळका शिरला आणि डोळे अंधाराला सरावायच्या आत बाहेरही पडला. तिथलं पद्मपाणीचं चित्र पाहिलं का, असं कुणी विचारलं की हो म्हणायचो; आठवत काहीच नसे. निवृत्तीनंतर एकटा गेलो. पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो, तेव्हा ती झुकलेली नजर, हातातलं कमळ, हळूहळू भिंतीतून वर आलं. मधली सगळी वर्षं आपण काय गमावलं, ते त्या दिवशी कळलं.

अजिंठा काढला तो उगाच नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर त्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. तीनशेच्या आसपास चित्रं झाली, लंडनला गेली आणि तिथे १८८५ मध्ये लागलेल्या आगीत शंभराहून अधिक जळाली. त्याच्याही आधी रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. जे वाचलं ते तुम्ही जाणार आहात त्याच म्युझियमच्या संग्रहात आहे. ती चित्रं कायमची मांडलेली नसतात, तेव्हा शोधत फिरू नकोस. पण दारातून आत जाताना त्या पोरांची आठवण ठेव. एकेका भिंतीपुढे त्यांनी किती दिवस काढले असतील!

आता कामाचं. शेवटचा दिवस सोडून द्या आणि शुक्रवारी जा. एरवी ते पावणेसहाला बंद होतं, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. कायमच्या दालनांना तिकीट नाही. या रात्रीच्या वेळेमागेही गोष्ट आहे. म्युझियम १८५२ चं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री कोल यांनी १८५८ च्या सुमारास गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळी उघडं ठेवलं, दिवसभर राबणाऱ्या माणसालाही येता यावं म्हणून. कारागिराने चांगली वस्तू पाहावी म्हणजे त्याच्या हातूनही चांगली घडेल, हा त्यामागचा विचार. एमआयडीसीत तीन पाळ्यांत आयुष्य गेलेल्या मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आत गेल्यावर मैत्रिणींना स्पष्ट सांग: दोन तास आपापलं फिरू, मग मधल्या अंगणातल्या पाण्याच्या हौदापाशी भेटू. यात कुणी रागवायचं कारण नाही. चौघी मिळून फिरलात तर सगळ्यात घाईची जी असेल तिच्या चालीने सगळ्यांना चालावं लागेल.

आणि पाहायचं कसं? आयटीआयत आमच्या उस्तादांनी पहिले कित्येक दिवस लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस एवढंच हातात दिलं होतं. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. तेव्हापासून कुठलीही वस्तू समोर आली की मी आधी तिचा जोड शोधतो. तूही तसंच कर. पाटी नंतर वाच. आधी बघ, हे कशाने कापलं, कुठे जोडलं, कुठे हात थांबला. तिथल्या ओतीव प्रतिकृतींच्या दालनात रोमच्या ट्राजन स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, इतकी उंच की छताखाली मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभी केलीय. तिच्यापुढे पाच मिनिटं दिलीस तरी पुष्कळ.

वेळ दे तो जॉन विल्क्सच्या कुलपाला. बर्मिंगहॅमचा कारागीर, साल सुमारे १६८०. कुलपावर पितळी माणूस आहे. बटण दाबलं की त्याचा पाय पुढे उडतो आणि मागचं किल्लीचं भोक उघडं पडतं. हॅट मागे कलवली की अडसर सुटतो. त्याच्या हातातली काठी एका तबकडीवरचा आकडा दाखवते: कुलूप किती वेळा उघडलं त्याची नोंद! मालकाच्या पाठीमागे कुणी हात घातला तर कळावं म्हणून. वीज नाही, सीएनसी नाही, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी हे काम. फोटोत पाहूनच मी थक्क झालो. कुठे मांडलंय ते तिथल्या माणसाला विचार.

माझ्यासाठी येताना काही विकत आणू नकोस. वही आणि पेन्सिल ने, त्या कुलपासमोर बस आणि त्याचं चित्र काढून आण. चित्रकला येत नाही म्हणून सबब सांगू नकोस. मापं नजरेने घेऊन बाजूला लिही. मी इथे वाट पाहतोय.

तुझा मामा